रखमाजीरावांनी मोफत वाट सर केली, त्याची हकीकत

एका दातावर त्रैलोक्याचा कारभार निभावणारे श्रीगजानन, त्यांस दंडवत घालून लिहिणें ऐसें जे: शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, श्रावण शुद्ध सप्तमी, गुरुवार, ते दिवशीं आमच्या राज्यांत जें वर्तलें तें ऐकोन भल्याभल्यांचीं तोंडें उघडीं राहिलीं आणि अद्याप मिटलीं नाहींत. राज्याचें नांव लिहीत नाहीं, कारण आम्हांस अजून तेथेंच राहणें आहे.

राज्याचा दंडक ऐसा कीं, घरची वर्षाची मिळकत घरधन्यानें सरकारांत मांडावी, कर कमी पडला तर भरावा आणि अधिक कापला गेला असेल तर परतावा घ्यावा. सप्तमीचा सांजनगारा वाजला म्हणजे त्या सालचा परतावा बुडाला. सरकारची आपली एक वाट होती, परंतु ती दरसाल शेवटल्या दिवशीं गर्दीनें बसे आणि मग उठत नसे. म्हणोन दिवाणजींनीं एका सावकारी कंपनीकडून सॉफ्टवेअर म्हणोन काचेंतला कारकून आणविला. तो न जेवतां राबे, आणि त्याचे कपाळीं ठळक अक्षरीं 'मोफत' ऐसें लिहिलें होतें. रयत तरी बिचकली. मग महाराजांनीं सप्तमीचे सकाळीं दरबार भरवून तबकांत विडा ठेविला आणि आज्ञा केली कीं, जो एक दाणा न लपवितां ह्या नव्या वाटेनें सांजेचे आंत पार होईल त्यानें विडा उचलावा. सरदारांनीं लढाया मारिल्या होत्या, परंतु पासवर्ड म्हणतांच समस्तांनीं माना खालीं घातल्या. तेव्हां राजश्री रखमाजीराव धायगुडे, किल्ल्याची हवालदारी करून पेन्शनीस बसलेले, ते पुढें जाहले आणि विडा उचलोन मुखीं घातला. चावितां आला नाहीं, कारण तोंडीं दात एक नव्हता. गालांत धरूनच मुजरा केला.

आंतली गोष्ट ऐसी कीं, रावांच्या पेन्शनींतून कर अधिक कापला गेला होता, आणि परतावा आला म्हणजे वरखाल दोन्ही कवळ्या बसवाव्या हा मनसुबा होता. कुटुंब सगुणाबाई, त्यांच्या हातची चकली पंचक्रोशींत नामांकित, आणि रावांनीं ती तीन दिवाळ्या नुसती पाहिली होती. हें दुःख मोठें. ज्यास दात आहेत त्यास कळावयाचें नाहीं.

मग राव घरीं येऊन कंप्यूटरापुढें मांडी ठोकून बसले आणि सगुणाबाई पाट घेऊन शेजारीं बसल्या. कारकुनानें प्रथम चित्रें दाखवून पुसलें कीं, ह्यांत रहदारीचे दिवे कोणते, रावांनीं ओळखिले. मग आपण यंत्र नसून माणूस आहां ऐसी कबुली मागितली; ती दिली. मग फोनवर ओटीपी धाडिला, तो चष्मा सांपडेतों शिळा जाहला, म्हणोन दुसरा मागविला. ऐसे झुंजत पेन्शन मांडिली, ठेवीचें व्याज मांडिलें, आणि परताव्याचा आंकडा हिरव्या अक्षरीं उमटला, नेमका दोन्ही कवळ्यांपुरता. रावांचे डोळे भरोन आले. आणि कारकुनानें पुसलें, 'आणखी काही मिळकत?' येथेंच घात जाहला.

राव म्हणाले, "दिवाळीत शेजाऱ्यांना चकल्या करून दिल्यास, त्याचे पैसे घेतलेस ना?"

"अहो, तेलाभाजणीचे घेतले. वर सुटले असतील थोडे. ते काय सरकारला सांगायचे?"

"विडा उचललाय मी."

"चावलात तरी कुठं?" ऐसें बाई बोलिल्या, परंतु रावांनीं चकल्या मांडिल्या.

तत्क्षणीं पडद्यावर रंगीत कागद उधळले आणि अक्षरें उमटलीं कीं, 'अभिनंदन! आपण उद्योजक आहात.' आणि खालीं बारीक अक्षरीं, उद्योजकांस मोफत वाट नाहीं, सुवर्ण योजनेचें शुल्क भरावें. शुल्क पाहतां राव मागेंच कलंडले. परताव्याचे निम्मे! आपल्याच सरकारास आपलाच हिशोब देण्यास तिसऱ्यानें वेशींत उभें राहून पैका मागावा, हें ना देखिलें ना ऐकिलें. आणि तोही आरंभीं नव्हे, तर सारें लिहवून घेऊन, हिरवा आंकडा दाखवून, नगाऱ्यास घटकाभर उरली तेव्हां! आणि निर्लज्जपणाची कमाल ही कीं, शेजारींच एक बटण होतें, त्यावर लिहिलें होतें, 'ही मिळकत काढा आणि मोफत पुढे जा.'

"मग काढा की!" सगुणाबाई म्हणाल्या. "चकल्या काय फिर्याद घेऊन जाणारेत?"

"दिवसभर ह्यानं मला खरं बोल, खरं बोल म्हणून सोललं. आता खरं बोललो तर पैसे आणि खोटं बोललो तर फुकट? अगं, हा कारकून आहे का दरोडेखोर?"

"ओरडू नका, त्याला ऐकू जाईल."

"जाऊ दे! भाजणी तू भाजलीस, कढईपुढं तू उभी राहिलीस. ते झालंच नाही असं मी लिहू?"

मग बाईंनींच आपण उठोन बँकेचें कार्ड आणून दिलें. पैका भरला आणि नगारा वाजला. कारकुनानें पुसलें कीं, अनुभव कसा वाटला, किती तारे द्याल. रावांनीं कंप्यूटरावर टॉवेल टाकिला.

दुसरे दिवशीं दरबारीं महाराजांनीं पुसलें, "रखमाजीराव, मोफत वाट कशी आहे?"

"वाट मोफतच आहे महाराज. बाहेर पडायचे पैसे आहेत."

आणि सारी हकीकत निवेदिली. महाराज दिवाणजींकडे वळले. दिवाणजी म्हणाले, "मोफतच आहे, महाराज. पेन्शन-व्याजावर ज्याची वरकड एक पैशाचीही मिळकत नाही, त्याला एक पैसा पडत नाही."

"वरकड एक पैसाही नाही असा माणूस रयतेत आहे कोण?"

"कोणीच नाही, महाराज. म्हणून तर कंपनीला मोफत परवडतं."

"आणि आमची वाट दरसाल बसते, ती दुरुस्त का होत नाही?"

"ती दुरुस्त करायची नाही, असा कंपनीशी करार आहे."

हें ऐकोन महाराजांचे हातींची अत्तरदाणी गळाली. मग त्यांनीं तबकांत नवा विडा ठेवविला कीं, आमची वाट जो मोकळी करील त्यानें उचलावा, आणि तबक दिवाणजींपुढें सरकविलें. दिवाणजींचे सर्व दात शाबूत, परंतु हात पुढें आला नाहीं. पान तबकांतच सुकलें.

पुढें रावांस परतावा आला. शुल्क वजा जातां जें उरलें तें पाहून दातांचे डॉक्टर म्हणाले कीं, ह्यांत एकच बसेल, वरची. ती बसविली. दिवाळीस चकली पुढें आली, ती वरच्या दातांनीं धरली, आणि खालीं कांहींच नसल्यानें ती तुटेना. मग सगुणाबाईंनीं ती काढून घेऊन खलबत्त्यांत कुटली, दह्यांत कालवली आणि वाटी हातीं दिली. राव जेवले आणि म्हणाले, "तिखट झकास पडलंय." तेवढ्यांत शेजारीण पिशवी घेऊन दारीं आली, तीस चकल्या भरोन दिल्या आणि ती पैसे काढूं लागतांच बाईंनीं तिचा हात धरला. "नको गं बाई. पैसे घेतले तर ह्यांचे वरचेही जातील."

घडलें तितकें लिहिलें, पदरचें घातलें नाहीं. हिशोब इतकाच कीं, वरची कवळी रयतेकडे, खालची कंपनीकडे, आणि चकली तेवढी सरकार दप्तरीं रुजू.