यान डावीकडे वळते, असे सर्वानुमते ठरले

परीक्षण लिहिण्याआधी खेळ खेळून पाहण्याची खोड आमच्या दीक्षाला कुठून लागली, हे घरात कोणालाच सांगता येत नाही. तिचे वडील, म्हणजे माझे थोरले भाऊ, हयात होते तोवर कुठलीही गोष्ट न पाहता तिच्याबद्दल मत देत आणि सुखात होते. तिची आई, मंदावहिनी, टीव्हीवरची मालिका न बघता तिच्यातल्या सासूला शिव्या घालते. मी स्वतः एका सरकारी खात्यात तीस वर्षं आवक-जावक सांभाळली, पण एकही कागद वाचल्याचा डाग माझ्यावर नाही. अशा घरात ही पोर निपजली.

दिवसा ती जवळच्या शेलार गावातल्या एका गोदामात पार्सलं स्कॅन करते आणि संध्याकाळी घरच्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ गेम खेळून एका वेबसाइटसाठी परीक्षणं लिहिते. 'नभसेनापती' या सिनेमाचे सहा भाग येऊन गेलेत, हे आमच्या भिवंडीतल्या नारपोलीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्याच सिनेमांवरून अंतराळातल्या लढाईचा गेम निघाला. दीक्षाने लिहिलं की चित्रं झकास आहेत, आवाज दणदणीत आहे, सेनापतीच्या मिशीचा केस न् केस दिसतो, फक्त यान डावीकडे वळत नाही. शत्रू डावीकडून आला की उजवीकडून अख्खा फेरा मारून यावं लागतं, आणि तोवर पृथ्वी गेलेली असते.

गेम बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीतून तिला फोन आला. "मॅडम, तुमचं बरोबर आहे. आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. खेळ तपासायला तुमच्यासारखंच माणूस पाहिजे. परीक्षण आहे तसं राहू द्या, ते दाखवून वरून नेमणूक मंजूर करून घेतो. सोमवारी कळवतो." मंदावहिनीने त्याच संध्याकाळी पेढे वाटले. "सुटली माझी पोरगी त्या गोदामातनं," असं म्हणून ती रडलीसुद्धा. मीही दोन पेढे खाल्ले.

आता सुभाषशेठ. हे आमचे माजी नगरसेवक आणि भावी नगरसेवक. मधल्या काळात ते नभसेनापती मित्र मंडळाचे आधारस्तंभ असतात. नाक्यावरच्या बॅनरवर ते त्या यानात बसलेले आहेत आणि खाली लिहिलंय, 'विकासाचे यान, सुभाषशेठ महान'. असलं यान डावीकडे वळत नाही असं जाहीर झालं, तर प्रभागातल्या डाव्या हाताच्या गल्ल्यांनी काय समजायचं? शेठनी आमच्या सलोखा समितीकडे अर्ज टाकला की भावना दुखावलेल्या आहेत आणि त्या केव्हा भडकतील ते सांगता येत नाही. भावना शेठच्याच ताब्यात असल्यामुळे समितीला हे गांभीर्याने घेणं भाग होतं.

समाजमंदिराच्या हॉलमध्ये बैठक बसली. अध्यक्ष धम्मदिना मॅडम, निवृत्त मुख्याध्यापिका. सचिव यादव, कारण त्याचं अक्षर चांगलं आहे. सदस्य मी. दीक्षाला समोर खुर्ची दिली होती.

"वळत नाही म्हणजे काय?" शेठ म्हणाले. "सहाव्या भागात सेनापती डावीकडे वळून तीन ग्रह उडवतो. सगळ्या भिवंडीने बघितलंय. ही एकटीच शहाणी?"

"शेठ, तो पिक्चर झाला. हा गेम आहे," दीक्षा म्हणाली. "घर इथून चार पावलांवर आहे. चला, डावं बटण दाबा आणि बघा. मिनिटाचं काम आहे."

इतका उर्मट प्रस्ताव समितीपुढे आजवर आला नव्हता. घरचा माणूस म्हणून शेवटी मलाच बोलावं लागलं.

"दीक्षा, समितीचा सदस्य खेळला तर त्याचं मत बनेल. मत बनलेला माणूस निःपक्षपाती राहत नाही. मग समितीत उरणार कोण?"

"मग काका, न बघता ठरवणार कसं?"

"चर्चा करून," मी म्हणालो, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

धम्मदिना मॅडमचा जीव मऊ आहे. त्या म्हणाल्या, "बाळ, दोन्ही बाजूंचा मान राहू दे. 'यान शक्यतो डावीकडे वळते' असं लिही ना. 'शक्यतो' लिहिल्याने कोणाचं कधी वाकडं झालेलं नाही."

"शक्यतोसुद्धा नाही वळत, मॅडम."

"बघा," शेठ म्हणाले. "आज यान वळत नाही म्हणते, उद्या म्हणेल गटार वाहत नाही."

एवढ्यावर आल्यावर स्थळपाहणी करून यानाचा पंचनामा करण्याचं ठरलं. वार शुक्रवार. शुक्रवारी लूमची, म्हणजे यंत्रमागांची, सुट्टी, त्यामुळे सगळे सदस्य मोकळे असतात. लूम बंद म्हणून दुरुस्तीसाठी लाईटही शुक्रवारीच घालवतात. ही गोष्ट भिवंडीत सगळ्यांना माहीत आहे, म्हणूनच ती कोणाच्या ध्यानात आली नाही.

शुक्रवारी दीक्षा ड्युटीवर होती. मंदावहिनीने दार उघडलं आणि सरबत केलं. ती दिघाशी गावची, बोलणं अजून तिकडचंच. "भाऊजी, लाईट न्हाय," ती म्हणाली. "संध्याकाळच्याला या की."

"वहिनी, पंचनाम्याची वेळ नोंदवलेली आहे. लाईटची नोंदवलेली नाही."

आम्ही कॉम्प्युटरपुढे बसलो आणि यादव लिहू लागला. 'पडदा काळा आढळून आला. अंतराळ काळे असते ही बाब सर्वश्रुत असल्याने खेळ सुरू असल्याचे गृहीत धरण्यात आले. मध्यभागी यान दिसून आले नाही. उजवीकडेही दिसून आले नाही.' इथे तो थबकला. "मग गेलं कुठं?"

"डावीकडे वळलं असणार," शेठ म्हणाले.

"डावीकडेही दिसत नाही पण."

"वळून पुढे गेलं. थांबतंय कशाला ते तुझ्यासाठी?"

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. "भाऊजी, अवो बंद हाय ते," वहिनी पुन्हा म्हणाली. मी तिला समजावलं की ती लेखिकेची आई असल्यामुळे तिचं म्हणणं धरता येत नाही. मग आम्ही सह्या केल्या आणि सरबत घेतलं. वाळ्याचं होतं, छान झालं होतं.

संध्याकाळी दीक्षा आली तेव्हा लाईटही आली होती. पंचनामा वाचून ती माझ्यासमोर उभी राहिली. डोळे भरलेले, पण आवाज शांत होता.

"काका, माझी नोकरी जाईल यानं. तुम्ही सही कशी केली?"

"सगळ्यांनी केली म्हणून केली."

तिने कॉम्प्युटर लावला आणि माझं बोट धरून त्या बटणावर ठेवलं. "दाबा." मी हात काढून घेतला. सही झाल्यावर खात्री करून घेणं म्हणजे आपल्याच सहीवर संशय घेणं, आणि ते माझ्याच्याने तीस वर्षांत झालं नाही, आता काय होणार?

परीक्षण बदलायला ती तयार होईना. पण वेबसाइट चालवणाऱ्याची खोली शेठच्याच इमारतीत आहे, त्यामुळे तो तयार झाला. तिच्याच नावाने सुधारित परीक्षण लागलं, 'यान डावीकडे इतके वेगाने वळते की दिसतही नाही', आणि खाली पुरावा म्हणून आमचा पंचनामा जोडला. मंडळाच्या पोरांनी धडाधड पाच-पाच तारे दिले. त्यातल्या कोणाकडेही गेम नव्हता.

सोमवारी कंपनीचा फोन आला. "मॅडम, वर फाईल नेली होती. साहेब विचारतात, दोष आहे कुठे? तुम्हीच तर लिहिलंय की वळतं."

"ते मी नाही लिहिलेलं. आणि वळत नाही हे तुम्हीच मान्य केलं होतं ना?"

"केलं होतं," तो म्हणाला. "पण तेव्हा पंचनामा झालेला नव्हता."

यान दुरुस्त करायचं कंपनीने रद्द केलं, कारण वळणाऱ्या यानाला दुरुस्ती कसली? नेमणूकही रद्द झाली. पुढच्या गेमच्या तपासणीचं काम मात्र त्यांनी आमच्या समितीला दिलं. खेळ न उघडता इतका स्पष्ट निष्कर्ष देणारी माणसं त्यांना पुण्यातही मिळाली नव्हती. दीक्षा पुन्हा शेलारला जाते, पार्सलं स्कॅन करते, आणि माझ्याशी कामापुरतं बोलते. वहिनी तेवढंही बोलत नाही. मला वाईट वाटतं. का वाटू नये? सख्खी पुतणी आहे माझी.

आणि तुम्ही? वाचता वाचता तुमचं मत झालंच असेल की पोरीवर अन्याय झाला, काका नालायक आणि यान डावीकडे वळतच नाही. बटण दाबून पाहिलंत का? गेम उघडला तरी होतात? मीही उघडलेला नाही, आणि ही सगळी हकीकत तुम्ही माझ्याच तोंडून ऐकलीत. समितीचं काम वाढल्यामुळे सदस्याची एक जागा भरायची आहे. अर्ज करायची गरज नाही. तुमचं नाव सर्वानुमते मंजूर झालंय.