डावी खुर्ची

घड्याळजींनी कागदावर घड्याळ काढलं आणि शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोनं कपाळाला हात लावला. एक ते बारा सगळे आकडे उजवीकडे दाटीवाटीनं कोंबलेले, डावी बाजू कोरी. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाचे स्वतःचेच बारा वाजले होते.

स्टुलावरून पडून डोक्याला मार बसला, तेव्हापासून डावी बाजू त्यांच्या खिजगणतीतच नव्हती. डोळे ठणठणीत, पण डावीकडेही जग असतं हेच मेंदू विसरला होता. दाढी अर्धीच व्हायची. ताटातलं उजवीकडचं संपवून ते उपाशी राहिल्याची कुरकुर करत, बायकोनं ताट फिरवलं की म्हणत, "आत्ता वाढलंस होय!"

"काका मुद्दाम नाही करत," थेरपिस्ट बाई म्हणाल्या. "त्यांचा मेंदू ती बाजू डावलतो."

"मला तर तीस वर्षं डावलतायत," बायको म्हणाली. "आत्ता कुठं त्याचा आजार झाला."

बाईंनी टेबलाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवली. ती दिसेपर्यंत काकांनी मान वळवायची. पट्टीपलीकडे काकूंची खुर्ची, आणि काकूंनी तिथून हलायचं नाही, घरीसुद्धा त्यांच्या उजवीकडे यायचं नाही.

तीन आठवडे ती हलली नाही. त्यांचा डावा हात धरून बसली, हाका मारमारून घसा बसला. ते मात्र उजवीकडच्या भिंतीला विचारत, "ही आजपण आली नाही का?" मग तिला रडू आवरायचं नाही.

बाविसाव्या दिवशी तिचा धीर सुटला. "खड्ड्यात गेली ती पट्टी! मला माझ्या नवऱ्याला दिसायचंय," असं पुटपुटत तिनं खुर्ची उचलली आणि त्यांच्या पाठीमागून उजवीकडे निघाली.

नेमकी तेव्हाच घड्याळजींची मान हलली. कण्हत कण्हत डावीकडे वळली, लाल पट्टीपाशी पोचली, पट्टीच्याही पुढे गेली. बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

"इथंच बसते म्हणालात ना तुम्ही?" घड्याळजींनी विचारलं. "कुठंय? खुर्चीसुद्धा नाही!"

पाठीमागे बायको खुर्ची कवटाळून थिजली होती. 'मागे फिरा, मागे फिरा,' बाईंच्या खाणाखुणा चालल्या होत्या. ती धडपडत जागेवर पोचेपर्यंत मान पुन्हा भिंतीकडे गेली.

"अहो, मी इथंच आहे हो!"

"आवाज तेवढा रोज येतो," घड्याळजी बाईंना म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "पण मला परत तिकडं बघायला सांगू नका. बघितलं मी. तिकडं कुणी नाही."

बाईंनी तपासणीचा कागद ओढला. 'स्वतःहून डावीकडे पाहिले का?' त्यापुढे पहिल्यांदाच 'होय' लिहिलं. खाली होतं, 'तिथे काय दिसले?'

"एवढं एक खोटं लिहा हो," बायको कागदावर वाकून म्हणाली. "मी दिसले म्हणून लिहा."

बाईंनी नाइलाजानं लिहिलं, 'कोणी नाही. उत्तर बरोबर.'