ह्यांचा खोकला

आमचे हे चैत्रात वारले, पण ह्यांचा खोकला घरीच राहिला. त्याचं कुणाला विशेष वाटलं नाही. तीस वर्षं यंत्रमागावर कापसाची धूळ खाल्लेला माणूस, सगळं एकदम कसं आवरणार? सकाळी सहाला पुढच्या खोलीत खोकला सुरू व्हायचा. मी चहा टाकायची. कप एकच भरायची, एवढाच काय तो फरक.

पावसाळाभर ठीक होतं. आश्विनात हवा कोरडी पडली आणि खोकल्यानं उचल खाल्ली. ढास लागली की थांबायचं नाव नाही. मी ह्यांच्या खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवायची, पण खुर्चीला काय कळतंय! पुण्याहून लेक, जयमाला, फोनवर म्हणाली, "आई, त्या चिनी उपचारवाल्या मगदूम डॉक्टरांना दाखव. नुसतं ऐकत किती दिवस बसणार?"

मगदूम घरी आले. अबोल माणूस. खुर्चीसमोर बसून त्यांनी खोकला नीट ऐकला आणि कागद काढला.

"वय?"

"ह्यांचं की खोकल्याचं?"

"खोकल्याचं."

"बावीस."

"नाडी बघावी लागेल."

"खोकल्याला मनगट कुठलं, डॉक्टर?"

"जवळच्या नातेवाइकाचं चालतं." त्यांनी माझ्या उजव्या मनगटावर तीन बोटं ठेवली आणि बराच वेळ डोळे मिटून बसले. "चिनी शास्त्रात शरद ऋतू फुफ्फुसाचा. दुःखही तिथंच राहतं. नासपती खडीसाखर घालून वाफवा. रोज एक, पंधरा दिवस. खायची तुम्ही, गुण ह्यांना."

"आणि बरा झाला म्हणजे?"

"बरा झालेला पेशंट थांबत नाही, मावशी."

मी नासपती आणल्या आणि चार दिवस तशाच ठेवल्या. खोटं कशाला बोलू? मला तो बरा व्हायला नको होता. शेजारची रत्नाक्का म्हणाली, "तुला सोबत पाहिजे म्हणून त्याचे हाल करतीस व्हय गं?" मला राग आला. "तुझं तू बघ," म्हटलं. पण पाचव्या दिवशी ढास अशी लागली की मध्ये श्वास घेतल्याचा आवाजच येईना. मी दार धरून उभी राहिले. ढास जरा शमली तशी गॅसवर पातेलं ठेवलं.

दहाव्या नासपतीला ढास गेली. तेराव्याला नुसतं खाकरणं उरलं. शेवटची मी फार हळू खाल्ली. निम्मी झाल्यावर वाटी बाजूला सारली आणि विचारलं, "पुरे का हो?" पुढच्या खोलीतून एकदाच आवाज आला, पोटभर जेवण झालं की हे खाकरायचे तसा. मी उरलेली संपवली.

दुसऱ्या दिवशी सहाला चहा टाकला. तो उकळून आटला तरी काही ऐकू आलं नाही. हे गेले तेव्हा मी रडले नव्हते. घरात आजारी माणूस असताना रडत कुठं बसायचं? त्या सकाळी मात्र ओट्याखाली बसून पोटभर रडले.

मग जयमालेला फोन लावला. "आप्पांचा खोकला बरा झाला," म्हटलं.

तिनं तिकडं कपाट उघडल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "निघतेच मी. मी येईपर्यंत थांब."

कशासाठी थांबायचं, ते तिलाही माहीत नव्हतं नि मलाही. मी थांबते म्हटलं.