बोटीतली पुढची सीट

बत्तीस वर्षं मी लांब पल्ल्याची बस चालवली. घाट, धुकं, खड्डे, सगळं पाहून झालं. एवढ्या वर्षांत माझ्या बसमध्ये नवरदेव ओकले, पैलवान ओकले, एकदा तर उलटीवरचं औषध विकणारा एजंटही ओकला! मला मात्र कधी साधा करपट ढेकर आला नाही. त्यामुळे रिटायर झाल्यावर मुलाने आम्हा दोघांच्या हातात तीन दिवसांच्या क्रूझची तिकिटं ठेवली, तेव्हा मी छाती ठोकून सांगितलं, "माझी काळजी नको. तुझ्या आईचं बघ!"

कारण आमच्या हिला गाडी लागते. माझ्या बसमध्ये बसली की दुसऱ्या वळणाला हिची मान खिडकीबाहेर. हिची धाकटी बहीण समुद्रापलीकडे राहते, दोन दिवसांचा बोटीचा प्रवास. तिच्याकडे जायचं ही सहा वर्षं घोकते आहे आणि सहा वर्षं मी नाही म्हणतो आहे. शेवटी मी अट घातली.

"या तीन दिवसांत तुला काही झालं नाही, तर जाऊ बहिणीकडे. पण एकदा जरी ओकलीस, तर तो विषय कायमचा बंद!"

"बरं," ती म्हणाली आणि बॅग भरायला लागली. बायको वाद न घालता 'बरं' म्हणते, तेव्हा नवऱ्याने सावध व्हायचं असतं. मी झालो नाही.

बोटीवर चढताच पहिलं भांडण काउंटरवर. आम्हाला खोली दिलेली खालच्या मजल्यावर, तीही बोटीच्या मधोमध! म्हणजे आम्ही माणसं की सामान?

"अहो बाई, माझ्या मिसेसला गाडी लागते! गाडी लागणाऱ्याला पुढची सीट द्यायची, एवढंही तुम्हाला कळत नाही?"

"काका, बोटीत मधली खोलीच..."

"मला शिकवू नका! बत्तीस वर्षं हेच केलंय मी. एकदम पुढची द्या. आणि वरची!"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, हिच्याकडे पाहिलं, मागच्या रांगेकडे पाहिलं आणि गुपचूप चावी बदलून दिली. असं ठणकावल्याशिवाय जगात काही मिळत नाही!

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली आणि समुद्र खवळला. आमची खोली वर जायची, आणखी वर जायची, क्षणभर थांबायची आणि धाडकन खाली यायची. माझं पोट मात्र वरच राहायचं. माझ्या चपला दारापासून कपाटापर्यंत फेऱ्या मारायला लागल्या. ही पलंगावर मांडी घालून बहिणीच्या नातवासाठी स्वेटर विणत होती.

"मळमळतंय का तुला?" मी विचारलं.

"नाही."

पाच मिनिटांनी मी पुन्हा विचारलं, "आता?"

"नाही हो. पण तुमचा चेहरा का असा पांढराफटक पडलाय?"

"माझा? छे! मी तुझ्या काळजीनं..."

काळजी तिथेच थांबली. मी ओकलो. हिच्या लोकरीच्या पिशवीत!

आता सांगा, यात माझा काय दोष? गाडी नीट चालवता येत नसेल तर चालवू नये माणसाने! मी तसाच भिंती धरत बाहेर पडलो. समोर पांढऱ्या गणवेशातला एक अधिकारी भेटला.

"या बोटीचा ड्रायव्हर कोण?"

"कॅप्टन म्हणायचंय का काकांना?"

"काहीही म्हणा! समोर एवढी लाट दिसतेय, तर वेग कमी करायला नको? ब्रेक मारायला नको?"

"काका, बोटीला ब्रेक नसतो."

"ब्रेक नाही?" माझा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. "बिनब्रेकची गाडी भरून माणसं नेताय तुम्ही? आणा तक्रारवही!"

बिचाऱ्याने वही आणली. मी 'निष्काळजीपणे' या शब्दापर्यंत पोहोचलो आणि पुढचा मजकूर थेट त्याच्या बुटांवर गेला.

तो मला दंडाला धरून डॉक्टरकडे घेऊन निघाला. वाटेत त्याने विचारलं, "खोली कुठली तुमची?"

"एकदम पुढची. वरची."

"तिथे तर सगळ्यात जास्त हेलकावे! खाली मधोमध काहीच जाणवत नाही. ती पुढची खोली कुणी दिली तुम्हाला?"

मी मूग गिळून गप्प बसलो. दुसरं काही गिळण्याच्या स्थितीत मी नव्हतोच.

डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन टोचलं. तेवढ्यात मला शोधत ही आली. हातात केकची बशी!

"काकांना बोट फारच लागते," डॉक्टरीणबाई हिला म्हणाल्या. "यापुढे लांबचा प्रवास नको."

"मग बहिणीकडे मी एकटीच जाते," केकचा तुकडा तोडत ही म्हणाली.

"एकटी?" मी पडल्यापडल्या ओरडलो. "डॉक्टर, हिला गाडी लागते! बत्तीस वर्षं मी डोळ्यांनी पाहतोय!"

"मला गाडी लागत नाही हो, डॉक्टर," ही शांतपणे म्हणाली. "हे ड्युटीवर असताना मैत्रिणींबरोबर दहा-दहा तास प्रवास केलाय मी. मस्त झोप लागते. फक्त हे चालवत असले की पोटात ढवळतं. वळणावर वेग कमी करायचा नाही, आणि ब्रेक असा मारायचा की मागचा माणूस पुढे!"

डॉक्टरीणबाईंना अचानक कपाटात काहीतरी शोधायचं आठवलं. त्यांचे खांदे हलत होते.

मी ताडकन उठून बसलो. "अगं, मग बत्तीस वर्षांत एकदा तरी बोलायचंस!"

"कशी बोलणार?" ही म्हणाली. "तुमच्या डोक्यावरच पाटी होती ना, चालकाशी बोलू नये म्हणून!"

यावर खणखणीत उत्तर होतं माझ्याकडे. ते द्यायला मी तोंड उघडलं, नेमकी तेव्हाच बोट वर गेली आणि डॉक्टरीणबाईंनी न बोलता भांडं पुढे केलं.