सात नंबरची प्रत आणि सटवाई

भिवपुरीच्या वीजकेंद्राच्या क्वार्टर्समध्ये चित्रातलं कळणारा माणूस एकच, आणि तो मी! हे मी तोऱ्यात सांगत नाही, रडत सांगतोय.

माझ्याकडे पाच छापचित्रं होती. मोजक्याच प्रती काढायच्या, प्रत्येकीवर चित्रकाराने पेन्सिलीने नंबर घालून सही करायची आणि मग ठसा मोडून टाकायचा, असला तो प्रकार. त्यातली माझी लाडकी म्हणजे पंचविसांपैकी सातवी प्रत. मोठा, पांढराशुभ्र जाड कागद आणि खाली एक बारीक राखाडी रेघ. बस्स!

"अहो, कोरा आहे तो," बायको लग्नापासून सांगत होती.

"कोरा नाही! रेघ बघ! तिच्याभोवतीची शांतता बघ!"

"शांतता? या घरात?"

या वादात मी निम्मे मित्र गमावले, पण माघार घेतली नाही.

अठ्ठ्याहत्तर साली आम्हाला मुलगी झाली. अशक्त, मुठीएवढी. कळंबहून आलेल्या सासूबाईंनी धास्तीने अन्नच सोडलं. पाचवीच्या रात्री सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते, म्हणून पूजेत कागद नि लेखणी ठेवतात. मी नेमका रात्रपाळीला. त्यात दिवे गेलेले. (वीजकेंद्राच्या दारात! पण ते असो.) सासूबाईंनी चाचपडत माझं कपाट उघडलं आणि हाताला लागलेला सगळ्यात चांगला कागद काढला.

सकाळी येतो तो घरात बायकांची गर्दी आणि पाट्यापाशी माझी सातवी प्रत! कोपऱ्यात हळद, मधोमध कुंकू, वर समईच्या तेलाचा डाग! मला रडूच कोसळणार होतं.

"जावयबापू!" सासूबाईंच्या मांडीवर बाळ, हातात भाकरीचा तुकडा, डोळ्यांत पाणी. "सटवाईनं लिवलं! सरळ रेघ हाय, कुटं वाकडी नाय! जगंल माजी नात!"

शेजारच्या ठकूबाई चौथी शिकलेल्या. त्यांनी कागद उजेडात धरला. "आगं, खाली सही हाय. इंग्रजीत! सटवाईला इंग्रजी कवापासून याया लागलं?"

सासूबाईंचा घास हातातच राहिला.

"जावयबापू, कागुद तुमचा. खरं सांगा. आदी काय होतं का त्याच्यावर?"

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. मी रेघेकडे पाहिलं. बाळाकडे पाहिलं. मग त्या अडलेल्या घासाकडे.

"काही नव्हतं," मी म्हणालो. "कोरा होता."

घास तोंडात गेला. आतल्या खोलीत बायको खुदकन हसली.

"सायबांच्या क्वार्टरात येती, शिकली आसंल इंग्रजी," ठकूबाईंनी निकाल दिला. सातवी प्रत सासूबाईंच्या ट्रंकेत गेली, ती कायमची.

निघताना ठकूबाई दारात थबकल्या. "भावजी, माजी सून आटव्या म्हयन्यात हाय. आजून हायत का वो तसले कोरे कागुद?"

"नाहीत!" मी ओरडलो.

"आहेत की!" आतून बायको. "अजून चार आहेत!"