इलॅस्टिकनं बांधलेली टाकी

"चाळीस वर्षं बोटीवर गाठी मारल्या, बोटांची नखं गेली! आता गाठ बंद!" अलिबागच्या दुकानासमोर सदा नाखव्यानं जाहीर करून टाकलं.

हातात दोन्ही टोकांना हूक असलेल्या चार रबरी दोऱ्या. पुढ्यात रघूचा टेम्पो, आणि टेम्पोत हजार लिटरची नवी काळी टाकी. थळच्या घरची जुनी टाकी सकाळीच तडकली होती आणि आज दुपारी हेतल घरी यायची होती! सदाच्या पोराशी, विनेशशी, तिचं वर्षभर जमलेलं. पण "आधी घरची माणसं बघते, मग बाबांना सांगते," असं तिनं बजावलं होतं. होकार-नकार आजच्या भेटीवर, आणि घरात हात धुवायला पाणी न्हाय!

"काका, नायलॉनची दोरी घ्या," दुकानदार म्हणाला.

"अरे, ही जितकी ताणशील तितकी जोरात मागं खेचते. दुप्पट ताण, दुप्पट ओढ! सायन्स हाय ते!"

हे सायन्स घरात महिनाभर चालू होतं. मोटरसायकलवर हेल्मेट अडकवायला विनेशनं अशी एक दोरी आणली आणि सदाला वेडच लागलं. कोंबड्यांच्या खुराड्याचं दार त्यानं या दोरीनं बांधलं. तेव्हापासून कोंबड्या बाहेर येत नव्हत्या, गोळीसारख्या सुटत होत्या!

चारही दोऱ्यांचे हूक अडकवून सदा रघूशेजारी ऐटीत बसला. टेम्पो निघाला. पहिल्याच वळणावर मागून आवाज आला, "ठोंग!"

"काय वाजलं?" रघूनं विचारलं.

"टाकी बसतेय जागेवर."

दुसरं वळण. "ठोंग!" आणि पाठोपाठ हॉर्नवर हॉर्न. सदानं आरशात पाहिलं. स्कूटरवर एक मुलगी, तोंडाला स्कार्फ, डोक्याला हेल्मेट, हात हवेत.

"बघ, पोरगी आपली टाकी दाखवतेय लोकांना! जाऊ दे जोरात!"

रघूनं टेम्पो दामटला. समुद्राचा वारा टाकीला असा लागला की ती जत्रेतल्या पाळण्यासारखी डावीकडे झुलली, परत आली, पुन्हा झुलली. "ठोंग!" तिसऱ्या वेळी मात्र मुलीनं स्कूटर पुढं घातली आणि टेम्पोसमोर आडवी लावली.

"तीनदा! तीनदा तुमच्या टाकीनं माझ्या डोक्यात मारलं!"

"ए पोरी, मला माल बांधायला शिकवू नको. ही दोरी मागं खेचते!"

"खेचते, पण धरून ठेवत नाही! टाकी बाहेर गेली की ही आधी लांब होते, मग खेचते. तेवढ्यात मी मधे! न्हावा शेव्याच्या बंदरात रोज शंभर ट्रकांचा माल माझ्यासमोर बांधला जातो, काका. हेल्मेट, चादर, रिकामा डबा, इथपर्यंत हिचं काम."

तिनं डिकीतून साधी दोरी काढली, टाकीला दोन वेढे घातले आणि गाठ मारली. सदा बघतच राहिला. गाठ फर्स्टक्लास होती! बोटीवरच्या कुणालाही जमली नसती इतकी घट्ट.

"आता सांगा, सदा नाखव्यांचं घर कुठं आलं?"

रघूनं तोंड खिडकीबाहेर वळवलं. त्याचे खांदे हलत होते. सदानं घाईघाईनं पुढं बोट दाखवलं.

"सदा... तो होय! सरळ जा, देवळामागं. पण तो घरी न्हाय. बोटीवर गेलाय!"

स्कूटर भुर्रकन गेली. टेम्पो मागच्या गल्लीनं परसात पोचला, तर ओटीवरून बायकोची, नीराबाईची, हाक, "आवं, आलात काय? हेतल आलेय!" पावलं मागच्या दाराकडे वळली. लपायला जागा न्हाय! सदानं झाकण काढलं आणि टाकीत उडी घेतली.

"रघू, तोंड बंद ठेव!" आतून हुकूम आला. झाकण लागलं.

विनेश टाकी उतरवायला आला. मागोमाग नीराबाई आणि हेतल. विनेशनं जोर लावला. टाकी हलेना.

"रिकामी टाकी एवढी जड? पाणी भरून दिलीय की काय?" तो म्हणाला.

"आणि बाबा कुठायत?" त्यानं रघूला विचारलं. रघू आकाशाकडे बघत होता.

नीराबाईनं फोन लावला. टाकीत घंटी वाजू लागली. खणखणीत, घुमणारी, दोन गल्ल्यांना ऐकू जाणारी! ती बंद करायच्या गडबडीत सदानं फोन उचलला.

"मी बोटीवर हाय!" आवाज फोनमधून आला आणि टाकीतूनही, दुप्पट होऊन.

नीराबाईनं फोन कानावरून खाली घेतला आणि टाकीजवळ जाऊन शांतपणे विचारलं, "बोट कंच्या रंगाची हाय?"

आतून बारीक आवाज आला, "काळी."

हेतलचा चेहरा लाल झाला. सदाला वाटलं, संपलं सगळं. पोराचा संसार सुरू व्हायच्या आत बुडाला! पण झाकण उघडलं तर ती खो खो हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आत उडी घेणं सोपं होतं, बाहेर येणं न्हाय. शेवटी तिच्याच दोरीचा फास सदाच्या काखेत घालून तिघांनी त्याला वर ओढलं. तो केस सावरत, अंग चोरून उभा राहिला. "गाठ... चांगली मारतेस," एवढंच म्हणाला.

तेवढ्यात हेतलच्या वडिलांचा फोन आला. ती बाजूला जाऊन बोलू लागली. सदानं कान टवकारले.

"हो बाबा, माणसं चांगली आहेत. मला पसंत आहे सगळं. सासरे?" तिनं वळून सदाकडे एक नजर टाकली. "नाही, त्यांची भेट झाली नाही अजून. ते बोटीवर आहेत."