उरलेली चूक वाटून घ्या

नंदुरबारला आमच्या शेजारी राहणारे मगन मास्तर चहाला आले, की आधी चिंचोके मागत. पाटीवर नऊ घरं आखायची, आपण त्यांत हवे तितके चिंचोके टाकून वर सूप झाकायचं आणि मास्तरांना फक्त आडव्या-उभ्या ओळींच्या बेरजा सांगायच्या. कुठल्या घरात किती, ते मास्तर ओळखणार!

पहिला अंदाज साफ चुके. मग ते आपली बेरीज खऱ्या बेरजेशी ताडून पाहत आणि चिंचोक्यांना दटावत, "उरलेली चूक सगळ्यांनी वाटून घ्या!" आडवं जमलं की उभं बिघडे. पुन्हा वाटणी. चहावर साय धरे. अगदीच अडलं तर म्हणत, "वहिनी, एक तिरपी बेरीज सांगा ना. दोन बाजूंनी भागत नाही."

अमोल, थोड्याच बाजूंनी घेतलेल्या क्ष-किरण छायांवरून तुमचा स्कॅनचा संगणक शरीराच्या आतलं चित्र पुन्हा पुन्हा दुरुस्त करत जुळवतो, असं तू परवा फोनवर सांगितलंस, तेव्हा मला मास्तरच आठवले.

वरणातही त्यांचं हेच. मीठ कमी, घाला चिमूटभर. जास्त झालं, घाला पाणी. शेवटी ते वरण आमच्याकडेही येई.

त्यांच्या मुलीचं, शारदाचं लग्न ठरलं. तिची आई ती तान्ही असतानाच गेलेली. "पाया पडायला आईचा फोटो पाहिजे," एवढंच ती म्हणाली. फोटो कधी काढलेलाच नव्हता. मास्तरांनी कागद-पेन्सिल घेतली.

लग्नाला तापीकाठचे नातेवाईक जमले; शारदाच्या आईचा चेहरा कसा होता, ते मास्तर एकेकाला विचारू लागले. पण त्यांच्या घरात सुना वडीलधाऱ्यांसमोर तोंडावर पदर घेत. मास्तरांचे चुलते म्हणाले, "हनुवटीवर गोंदेल व्हतं. वर काय व्हतं, ते देवले माहीत!"

मास्तरांची बहीण तेव्हा लहान. तिला चुलीसमोर बसलेल्या वहिनीची एक बाजू तेवढी आठवे. "नाक इतलं लांब नव्हतं रे भाऊ, तू तिना पोपट करी टाका!"

मास्तरांनी नाक खोडलं.

"आते हनुवटी वाकडी व्हयनी," चुलते.

असं चार दिवस चाललं. शेवटी दोघांनीही मान डोलावली.

मी विचारलं, "मास्तर, तुमच्या आठवणीशी ताडून पाहिलंत का?"

ते पेन्सिलीचं टोक बोटानं पुसत राहिले. "वहिनी, घर माणसांनी भरलेलं. बायकोकडे बघायची सोय नव्हती. बाहेर निघालो की मी पुढे, ती मागे. माझ्या वाट्याला... मन्हा वाटाले तिना आवाजच उना."

शारदा दारात उभी होती. तिनं वडिलांना विचारलं, "दादा, ती तुमले कशी हाक मारे?"

मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. मग तिच्या हलक्या, लाजऱ्या आवाजात म्हणाले,

"आयका ना..."

शारदा तिथंच पाया पडायला वाकली.